मारबतीच्या वाटेवरचं गवत

अन्याय झाला तो आमच्या वस्तीतल्या मावशीवर. सौंसरमध्ये, १९८५ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, लोक न्याहारीला बसायच्या आत. अन्याय करणाऱ्यांत पहिला मी. माझ्यामागे ढोल होता आणि ढोलामागे अर्धं गाव होतं, पण गाव मोजून माझा वाटा कमी होत नाही.

पत्रक असंच उघडायचं असतं, हे मला पांढुर्ण्याच्या शिबिरात शिकवलं. कोणावर अन्याय झाला ते आधी सांगा, केव्हा झाला ते नेमकं सांगा, आणि शेवटी वाचणाऱ्याकडून काय हवं ते तोंडावर मागा. मधे रडगाणं नको. मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं लिहिता येत नाही. या वेळी मधलं रडगाणं मात्र टळणार नाही, ते ऐकून घ्या.

मावशी माझी सख्खी नव्हे. सगळी वस्तीच तिला मावशी म्हणते. नवरा छोट्या गाडीच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या लाइनीवर गँगमन होता. तो गेल्यावर तिनं रोजी धरली. पावसाळ्यात कपाशीचं निंदण, दिवाळीच्या पुढेमागे संत्र्याची तोड. एकुलती मुलगी लोधीखेड्याला दिलेली. मावशीचं घर वस्तीच्या अगदी टोकाला, नाल्याच्या काठावर आहे, आणि घरामागे एक अंगणाएवढा तुकडा आहे. त्यात ती सांबार लावते. बाहेरचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. आठवडी बाजारात तिच्या जुड्या दुपारपर्यंत टिकत नसत. निंदणाची रोजी गेली तर सांबार आहे, सांबार गेला तर रोजी आहे, असा तिचा हिशेब होता. दोन्ही एकाच वेळी जातील हे कोणाच्या डोक्यात येणार? तेही माझ्यासारख्या, तिच्या हातची भाकर खाऊन वाढलेल्या पोरामुळे?

आता नाल्याचं सांगतो. तो नाला म्हणजे गावाची शीव, हद्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव आपली मारबत तिथं आणून टाकतं. ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी लिहितो: मारबत म्हणजे बांबू आणि चिंध्यांची मोठी बाहुली. तिला गावभर फिरवायचं, खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा गे मारबत, असं ओरडायचं, आणि शिवेवर नेऊन टाकायचं. टाकल्यावर मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर पीडा परत येते म्हणतात. आमच्याकडे हे सकाळीच उरकतात, कारण दुपारी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते आणि तिकडची बस गाठायची असते.

वस्तीनं या गोष्टी केव्हाच सोडल्या. बुद्धाच्या धम्मात आल्यावर आमच्या आज्यांनी देव्हारे नाल्यात सोडले, तिथं मारबतीची काय कथा. पण गाव आपली घाण आणून टाकायचं ते आमच्याच काठावर. मी लिहिलेलं सगळ्यात पहिलं पत्रक याच गोष्टीवर होतं. 'गावाची ईडापीडा आमच्याच दारात का?' असा मथळा. ते मी बसस्टँडच्या भिंतीवर चिकटवलं, दुसऱ्या दिवशी फाडलेलं दिसलं. भाऊ म्हणाले, "फाडतात म्हणजे वाचतात." भाऊ म्हणजे आमच्या युवक मंडळाचे मोठे कार्यकर्ते. पांढुर्ण्याला राहत. आवाज असा की माइक बंद पडला तरी भाषण थांबायचं नाही. मी त्यांच्या शब्दावर नाचायचो.

गाजर गवत, ज्याला कोणी काँग्रेस गवतही म्हणतात, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेही पांढुर्ण्यालाच, स्टेशनाच्या मालधक्क्यामागे. कॉलेजला तिथं होतो. कपाशीच्या गाठी चढायच्या, कुठकुठल्या मुलखातून धान्याची पोती उतरायची, डबे झाडले की कचरा रुळाच्या कडेला पडायचा, आणि त्या कचऱ्यातून हे गवत कमरेएवढं उभं राहायचं. माथ्यावर बारीक पांढरी फुलं, चांदण्या सांडल्यासारखी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. एका लग्नात नवरदेवाच्या गुच्छात गुलाबाभोवती हेच खोचलेलं मी पाहिलं आहे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि बाकी कशाला ते वाढू देत नाही, हे नंतर कळलं.

सौंसरला तेव्हा ते एकाच जागी होतं. बसस्टँडच्या मागे, खळ्याएवढ्या मोकळ्या जागेत. ट्रक तिथं थांबत, चाकांचा चिखल तिथं पडे. बाकी गाव स्वच्छ होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. गाव स्वच्छ होतं.

भाऊंनी कुठूनसं या गवतावरचं एक हिंदी पत्रक आणलं आणि मला म्हणाले, याचं मराठी कर, चित्रासकट. मी चित्र काढलं. कमरेएवढं झाड, डोक्यावर पांढरा फुलोरा, भुतासारखा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ओळखण्याची खूण: पांढरं फूल. दिसताच उपटा!' मूळ पत्रकात, फूल यायच्या आधी उपटा, असं एक वाक्य होतं. ते मी कापलं. फूलच नाही तर लोक ओळखणार कसं, असा माझा प्रश्न होता. शिवाय ते वाक्य घोषणेत बसत नव्हतं. भाऊंनी पाहिलं आणि पाठ थोपटली. छापून आलं.

वस्तीत झेंड्याच्या ओट्यावर मी ते वाचून दाखवलं. बाया नुकत्याच निंदणावरून आल्या होत्या, विळे अजून हातात होते. मावशी पुढेच बसली होती. तिनं चित्र जवळ धरून पाहिलं.

"म्हंजे फूल पाहूनच ओळखाचं ना बाबू?"

"हो मावशी. फूल दिसलं की उपटायचं."

"बरं, मंग सोपं हाय."

सोपं केलं होतं मी. साफ सांगतो, तेवढंच केलं होतं.

बसस्टँडसमोर माझ्या एका दोस्ताचं टेलरिंगचं दुकान आहे. पत्रकं त्याच्याच दुकानात ठेवली होती. पोळ्याच्या दोन-चार दिवस आधी तो मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "तुह्या पत्रकानं एक काडी तरी उपटली का बे? मी तं त्याच्यावर खडूनं मापं लिहून राहिलो."

"लोक वाचत नाहीत त्याला मी काय करू?"

"लोक पत्रकाले नाही येत लेका. ढोलाले येतात."

ढोल हा शब्द त्याचा. पुढचं सगळं माझं. गावाची मारबत यंदा आपण करायची, गाजर गवताची करायची, आणि वाजतगाजत शिवेवर नेऊन जाळायची. भाऊंना सांगितलं तर ते एवढे खूश झाले की फोटो काढायला माणूस पाठवतो म्हणाले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही मंडळाची पोरं बसस्टँडमागे गेलो आणि ती सगळी जागा उपटून काढली. गवत ऐन भरात होतं. फुलं उघडलेली, खालची वाळून तपकिरी झालेली. हाताला चिकट लागत होतं. त्या वाळलेल्या फुलांत काय असतं हे पाहायला मी एकही फूल चुरडलं नाही. आता चुरडतो. एका एका फुलात चार-पाच काळे दाणे निघतात, राखेच्या कणाएवढे. फुंकर मारली तर दिसेनासे होतात. एका झाडावर अशी किती फुलं असतात ते मोजायला मी बसलो नाही, तुम्हीही बसू नका.

बांबूचा सांगाडा केला, त्यावर गवत बांधलं. डोक्याच्या जागी फुटका माठ, आणि माठावर पांढऱ्या फुलांचे केस. दोन पुरुष उंच झाली. संध्याकाळी मी हातभर उडत वस्तीत आलो तर मावशी दारातच होती.

"ऐकून राहिली मी. मारबत काढून राहिला म्हणे तू?"

"ही तसली नाही मावशी. ही प्रबोधनाची आहे."

"टाकाची कुठं?"

मी हाताला चिकटलेलं भुस्कट पुसत राहिलो.

"आमच्याच कुंपनाशी ना? तुह्याच त्या कागदात होतं नं बाबू, आमच्याच दारात काहून म्हणून. मी अडानी, पन माह्या ध्यानात राहिलं."

"जाळून टाकणार आहोत मावशी. राखही उरणार नाही."

तिनं चूल फुंकायला तोंड फिरवलं. मला राग आला, लाज वाटली नाही. वस्तीतल्या पोरामागे आख्खं गाव पहिल्यांदा चालणार होतं, पाटलांची पोरं माझ्या घोषणेला जबाब देणार होती, आणि हिला तिच्या कुंपणाचं पडलं आहे, असं मनात आलं. तो राग आजही मला आठवतो. बाकी बरंच विसरलो असतो तर चाललं असतं, पण हा राग विसरता येत नाही.

सकाळी निघालो. बसस्टँडवरून बाजारपेठेत, बाजारपेठेतून चौकात, चौकातून खालच्या गल्लीनं नाल्याकडे. चौकात ढोलवाल्यानं असा काही ठेका धरला की आम्ही मारबतीला गोल गोल नाचवलं. मी तिच्या कमरेला धरून हलवत होतो. पोरांच्या केसांत पांढरं-तपकिरी भुस्कट पडत होतं आणि लोक हसत होते. "गाजर गवत घेऊन जाय गे मारबत!" भाऊंचा माणूस फोटो काढत होता. चौकाच्या पुढं ती खालची गल्ली अरुंद, तिथून पळतच नेली.

नाल्यावर पोचलो तेव्हा झिमझिम सुरू झाली होती. रॉकेल एक बाटली होतं. ओतलं, काडी लावली. भुरभुर धूर झाला, चिंध्या जळाल्या, माठ तडकला आणि हिरवं गवत तसंच राहिलं. दुसरी काडी, तिसरी काडी. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, पांढुर्ण्याची बस लागली! पोरं पांगायला लागली. आम्ही दोघातिघांनी ती मारबत मावशीच्या काटेरी कुंपणाला टेकवून ठेवली.

"अरे बाबू, इथंच ठेवून चालला का?" मावशी दारातून म्हणाली.

"उद्या येऊन जाळतो मावशी. वाळू दे जराशी."

आणि निघालो. कोणीच मागे वळून पाहिलं नाही, चालच तशी आहे. मी तर या चालींविरुद्ध लिहिणारा. मीही पाहिलं नाही.

उद्या गेलो नाही. परवाही नाही. मंडळाच्या सभेत भाऊंनी त्या मारबतीवर भाषण केलं, माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मी तसाच पांढुर्ण्याला राहिलो.

इकडं गवत वाळलं. मावशीनं बांबू सोडवून घेतले, चांगले बांबू होते, वालाच्या वेलाला लागतात. आणि पावसाळा सरल्यावर तिनं सांबार पेरला तेव्हा वाफ्यावर झाकायला गवत हवंच होतं. सांबाराचं बी उगवेपर्यंत ओल धरावी म्हणून वर वाळलेलं गवत पसरतात, सगळेच पसरतात. कुंपणाशी आयता भारा पडलेला. शत्रू म्हणून आम्हीच वाजवत आणलेला, मेलेला. तिनं तो झटकून झटकून वाफ्यावर पसरला. "मेलंच तं होतं," ती मला नंतर म्हणाली, "झाकाले काय हरकत?" काहीच हरकत नसते, असं कोणीही म्हणालं असतं. मेलेल्या झाडातलं बी मेलेलं नसतं हे ज्यानं सांगायचं तो सभेत टाळ्या घेत होता.

हिवाळ्यात एकदा तिच्याकडे गेलो. सांबार वर आला होता, दाट, आणि मधेमधे दुसरंच काही उगवलं होतं. जमिनीला चिकटून गोल पसरलेली पानं, भाकरीएवढा घेर. पान गाजराच्या पानासारखं चिरलेलं, फिक्कट हिरवं, वर बारीक लव.

"पाय बाबू, सांबारात गाजर आलं. कोनाचं बी पडलं कोनाले ठाव."

मी वाकून पाहिलं. पान हातात घेतलं. आणि मी, ज्यानं याच गवताचं चित्र काढलं, पत्रक लिहिलं, मारबत नाचवली, मी म्हणालो, "गाजरच असेल मावशी."

फूल नव्हतं ना. माझ्या डोळ्यांत ते गवत कमरेएवढंच होतं, पांढऱ्या डोक्याचं. जमिनीवर पसरलेलं हे त्याचं लहानपण आहे, कितीतरी दिवस ते असंच भाकरीसारखं पडून राहतं आणि मग मधूनच सरळ देठ वर काढतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरज वाटली नव्हती. ओळखण्याची खूण छापून झाली होती.

"आपोआप आलं तं येऊ दे," मावशी म्हणाली. "लोधीखेड्याचे लेकरं आले की खातील."

तिनं त्याला पाणी दिलं. सांबाराच्या जुड्या काढताना त्याच्या मुळाला धक्का लागू दिला नाही. नातवंडांसाठी. उन्हाळा लागता लागता ते वर गेलं, फुललं, आणि तिनं एक उपटलं तर खाली गाजर नाही, नुसतं दोरीसारखं मूळ. तेव्हा तिला माझं पत्रक आठवलं. फूल दिसलं, आता उपटायचं. तिनं सगळं उपटलं, उघड्या हातांनी, वाळलेल्या फुलांसकट, आणि उपटलेलं उकिरड्यावर टाकलं. पत्रकात होतं तसंच्या तसं केलं.

पुढचा पाऊस पडला आणि बसस्टँडवर टेलर दोस्तानं मला हाक मारली. "चाल, तुले एक गंमत दाखवतो." दुकान तसंच उघडं टाकून तो मला बाजारपेठेतून घेऊन गेला. "पाय. पाय खाली."

रस्त्याच्या दोन्ही कडांनी, गटाराच्या काठानं, तेच गवत. बसस्टँडवरून बाजारपेठेत, बाजारपेठेतून चौकात. चौकाच्या कडेला चिखलात तर एवढं दाट की पाय ठेवायला जागा नाही. जिथं आम्ही तिला नाचवलं होतं. खालच्या गल्लीत विरळ, इकडे एक तिकडे एक, कारण तिथून आम्ही पळत गेलो होतो. पुढे नाल्याच्या उतारावर पुन्हा दाट. मारबत कुठून गेली, कुठं थांबली, कुठं हलवली, सगळं उगवून आलं होतं.

"तुही मारबत वापस आली बे," दोस्त म्हणाला. मग माझं तोंड पाहून त्यानं हसू आवरलं. म्हणाला, "बैलबंड्यांच्या चाकानं अजून पुढं जाऊन राहिलं ते. रामाकोन्याच्या रोडवर मी पाहिलं." ते खरं होतं. चाकाचा चिखल, गुरांचे खूर, नाल्याचं पाणी, उकिरड्याचं खत, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. पण पहिली खेप आमची.

आणि मावशीचा वाफा पांढरा झाला होता. सांबार कुठं दिसेना. ती रोज सकाळी निंदणाला जायच्या आधी तासभर ते उपटायची. पहिल्यांदा बोटांच्या बेचक्यांत खाज आली. मग कोपराच्या आतल्या बाजूला. मग मान. मग पापण्या सुजल्या, इतक्या की तिला समोरचं माणूस मान मागे टाकून पाहावं लागे. कातडी जाड, काळी, चिरलेली झाली. तिनं हळद लावली, खोबरेल लावलं, कडूनिंबाचं पाणी घेतलं. गवत उपटणं मात्र सोडलं नाही, कारण सांबार पेरायचा होता.

संत्र्याची तोड सुरू झाली आणि ज्या बागेत ती वर्षानुवर्षं जायची तिथल्या पाटलीणबाईंनी तिला फाटकातच थांबवलं. "उद्यापासून येऊ नको बाई. लेकराबाळांचं घर आहे. तुझ्या हातचं संत्रं कोण खाईल?" दुसऱ्या बागेत तिच्या आधी बातमी पोचली होती. महारोग झाला म्हणे. तोडीच्या बाया जेवताना तिच्यापासून सरकून बसायला लागल्या. त्या बाया आमच्याच वस्तीतल्या, हे लिहायलाही मला जड जातं.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान पाहिली, कोपर पाहिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ गाजर घास आहे का?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आहे."

"हा महारोग नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. त्या गवतानं काही लोकांची कातडी अशी होते. मलम देतो, पण मलमानं काय होणार? गवत जवळ असेल तोवर हे येतच राहणार. गवत तिथून काढा, नाहीतर या बाईंना तिथून काढा."

"आन् मीच काढलं तं?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही आता त्याला बोटही लावायचं नाही."

मी तिथून तडक बागेत गेलो. भांडणं मला चांगली येतात. फाटकात उभा राहून मी पाटलांना सांगितलं की हा महारोग नाही, हे अज्ञान आहे, हा अन्याय आहे, एका कष्टकरी बाईची रोजी तुम्ही नुसत्या संशयावर तोडली. आवाज चढवला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू तोच ना, मारबतवाला?"

त्यांनी केला तो अन्यायच होता, तो आजही आहे, आणि मी तो सोडलेला नाही. पण तो मारबतवाला मीच होतो. मी सायकल उचलली.

मग पांढुर्ण्याला भाऊंकडे गेलो. म्हणालो, नवीन पत्रक काढू. आधीचं चुकलं असं त्यात लिहू. चित्र बदलू, लहान रोपाचं काढू, जमिनीवर पसरलेल्या पानांचं. फूल आल्यावर उपटून नेऊ नका, असं लिहू. मारबतीचं लिहू.

भाऊ चहा ओतत होते. "चुकलं असं आपणच छापलं तर पुढचं पत्रक कोण वाचेल?"

"पण भाऊ, लोक फुलाची वाट पाहून राहिले. आपण सांगितलं म्हणून."

"मोहीम मोठी आहे. एका वाफ्यासाठी मोहिमेची बदनामी करायची का?"

"वाफा माझ्या मावशीचा आहे."

"म्हणूनच तू नीट विचार करून राहिला नाही," भाऊ शांतपणे म्हणाले, आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं मारबतीचा फोटो मोठा करून लावला होता. मी मधे, तोंड उघडं, हात तिच्या कमरेला. जुनं पत्रक त्यांनी त्याच महिन्यात पुन्हा छापलं. यंदा पोळ्याला लोधीखेड्यालाही अशीच मारबत काढायची त्यांच्या मनात आहे. लोधीखेड्याला, जिथं मावशीची मुलगी आहे, आणि मावशी जायची झाली तर तिथंच जाणार आहे.

मंडळ मी सोडलं. त्यात काही शौर्य नाही. सोडल्यानं एक रोपसुद्धा कमी झालं नाही.

या उन्हाळ्यात मी तिच्या वाफ्यावर गेलो तेव्हा ती सावलीत बसली होती, मानेला ओलं फडकं गुंडाळून. मला पाहून म्हणाली, "काय घेऊन आला बाबू? ढोल तं नाही आनला ना?"

मी कुदळ आणली होती. वाफ्यातलं वाळकं गवत खड्डा करून पुरायचं होतं. तीन दिवस पुरलं, हाताला धोतराचे तुकडे गुंडाळून. ती लांबून बघत होती. शेवटी म्हणाली, "वरचं पुरलं. मातीतलं कसं पुरशील?"

मातीतलं पुरता येत नाही. ते बी मातीत पडून राहतं आणि दर पावसाला थोडं थोडं उगवतं. एका वर्षात संपत नाही. लहानपणीच उपटलं, वर्षामागून वर्ष उपटलं, तर हटतं. फुलू दिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"पोरगी बोलावून राहिली," मावशी म्हणाली. "म्या सांगतलं, मिरग लागू दे. वाफ्यात काय उगवते ते पाहीन. तेच उगवलं आन् त्याले काढनारं कोनी नसलं, तं जाईन." मग घराकडे पाहून, "माह्या हातानं बांधलं हे घर. माह्याच सांबारातून उठून जावं लागन, असं वाटलं नव्हतं."

मला क्षमा कर म्हणायला मी तोंड उघडलं, पण तिच्या सुजलेल्या पापण्या पाहून ते शब्द मला पत्रकातल्यासारखे वाटले. म्हणालो नाही. तिला क्षमेचं काय करायचं आहे? तिला वाफा हवा आहे.

म्हणून आता मागणी करतो. सौंसरच्या माणसा, त्या सकाळी तू ढोलामागे होतास. नसलास तरी दारात उभा राहून हसलास, आणि चौकात तुझ्या पोराच्या केसांतून ते बी घरी आलं. तू अजून फुलाची वाट पाहतो आहेस, कारण माझ्या कागदानं तुला तसं सांगितलं. तो कागद चुलीत घाल. मृगाचा पाऊस झाला की खाली वाकून पाहा. जमिनीला चिकटलेली गोल पानं, गाजरासारखी चिरलेली, फिक्कट, अंगावर लव. फूल नसेल. तेच ते. तेव्हाच मुळासकट काढायचं, जिथं काढलं तिथंच खड्ड्यात पुरायचं, कुठं मिरवत न्यायचं नाही. रोजीच्या बायांना उघड्या हातांनी ते काढायला लावायचं नाही. तुझं आहे, तू काढ. ज्याला खाज येते त्यानं लांब राहावं. आणि बागवाल्यांनो, दिवाळीला तोड सुरू झाली की मावशीला पहिल्या दिवशी बोलवा, आणि सगळ्यांदेखत तिच्या हातून संत्रं घेऊन खा.

पण आधी हे. मृगाचा पाऊस पडून रोपं वर आली की पहिल्या रविवारी उजाडता उजाडता नाल्यावर मावशीच्या कुंपणाशी या. तिथून सुरुवात करू, उतार, खालची गल्ली, चौक, बाजारपेठ, बसस्टँडपर्यंत. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. ढोल घरी ठेवा. हाताला गुंडाळायला जुनं धोतर घेऊन या.